न वाचता केलेली सही

आमच्या गावात अर्ज मीच लिहिते. रेशनकार्डात सुनेचं नाव घालायचं असो, विजेचा खांब वाकलेला असो, का शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख चुकलेली असो, माणूस आधी अंगणवाडीत येतो, वजनकाट्याशेजारी उकिडवा बसतो आणि म्हणतो, "बाई, दोन ओळी लिवून द्या ना." दोन ओळी! दोन ओळींत कुठं अर्ज होतो का? मी खवळते, लेकरांची खिचडी उतरेस्तोवर त्याला बसवून ठेवते आणि मग लिहून देते. अक्षर माझं मोत्यासारखं आहे, असं आमचे गुरुजी म्हणायचे. सही करताना कोणी वाचत नाही. "बाईनं लिवलं म्हंजे बराबरच असन," म्हणतात आणि जागा दिसेल तिथं सही ठोकतात. मला याचा गर्व होता. खोटं कशाला सांगू, चांगलाच होता.

अर्ज लिहायला बाबांनी शिकवलं. साहेबापुढं आधी वाकायचं, मग मागायचं, असं ते म्हणायचे. म्हणून विषय कोणताही असो, माझ्या अर्जात शेवटची ओळ ठरलेली: काही चूक झाली असल्यास क्षमा असावी. खांब वाकला वाऱ्यानं, क्षमा आम्ही मागणार. इकडं असंच चालतं, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

माझा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आठवडी बाजारात भाजी विकतो. एक दिवस जानेफळ, एक दिवस साखरखेर्डा, एक दिवस हिवरा आश्रम, असा त्याचा आठवडा. लाल कोहळं, म्हणजे लाल भोपळा, ही त्याची खासियत. दोघांनी उचलावं असं कोहळं फळीवर ठेवायचं, लांब सुऱ्यानं फाका पाडायच्या आणि ओरडून ओरडून विकायच्या. तोंड मोठं, मन बरं, डोकं मात्र भडक. ते आमच्या घराण्यातच आहे, मी काही त्यातून सुटले नाही. नवऱ्याचं गाव सोडून माहेरी काऊन राहते, याच्या मुळाशीही तेच डोकं आहे, पण ते रामायण इथं नको.

दोन केसेस त्याच्यावर होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. बाजारात बसायच्या जागेवरून एकदा त्यानं एकाची गचांडी धरली. दुसऱ्यांदा किलोचं वजन फेकून मारलं आणि समोरच्याच्या कपाळाला तीन टाके पडले. दोन्ही वेळा जामीन झाला, दोन्ही वेळा मी त्याला घरात उभा करून शिव्या घातल्या. मान खाली घालून ऐकायचा आणि म्हणायचा, "बस झालं ना ताई, भूक लागली."

मग तिसऱ्यांदा ते घडलं. पोळ्याच्या पुढल्या आठवड्यात, भर दुपारी, मी लेकरांची वजनं घेत होते आणि भावजयीचा फोन आला. "बाई, यायले पोलीस घेऊन गेले. कोहळं अर्धंच चिरलेलं तसंच पडून हाये फळीवर." मला वाटलं, झाली असेल पुन्हा मारामारी, होईल जामीन. रागानं मी फोन ठेवला आणि उरलेल्या चार लेकरांची वजनं घेतली. ते अजून मनाला लागतं.

या खेपेला जामीन नव्हता. खटलाही नव्हता. बाजारात सुरा घेऊन दहशत घालणारा धोकादायक इसम म्हणून त्याला वर्षभर आत ठेवायचा हुकूम निघाला होता, आणि ठेवलं होतं घरापासून पार लांबच्या जेलात. गुन्हा शाबित व्हायचा नाही, वकिलानं उलटतपासणी घ्यायची नाही, काही नाही. कलेक्टर साहेबाला वाटलं की हा बाहेर राहिला तर लोकांना धोका आहे, की झालं. असा कायदा असतो हे मला, सगळ्या गावाचे अर्ज लिहिणारीला, ठाऊक नव्हतं.

हुकुमासोबत कागदांचा गठ्ठा आला. मी तो ओट्यावर बसून वाचला. माय समोर शेंगा फोडत होती आणि दर पानाला विचारत होती, "काय लिवलं वं त्याच्यात?" दोन साक्षीदार होते, नावं झाकलेली. भीतीपोटी नाव सांगत नाहीत, असं वर लिहिलेलं. एकानं सांगितलं होतं की यानं माझ्यावर सुरा उगारला आणि म्हणाला, तुला कोहळ्यासारखा चिरून टाकीन.

ते वाक्य मी दोनदा वाचलं. कारण ते वाक्य त्याचंच होतं. मिसरूड फुटल्यापासून तो तेच बोलतो. पोरगी दूध पीत नाही, "कोहळ्यावानी चिरीन बरं!" मोबाईल चार्ज होत नाही, तरी तेच. घरात आम्ही हसायचो. कागदावर मात्र ते हसण्यासारखं दिसत नव्हतं. मला वाटलं, केलं यानं. या खेपेला नक्की केलं.

मायला मी सांगितलं, "काही नाही, कायद्याचं लिवलं हाये."

गठ्ठ्याच्या शेवटी होतं की या हुकुमाविरुद्ध निवेदन करता येईल. निवेदन म्हणजे अर्जच की! गावातल्या चार जाणत्यांना विचारलं. चौघांचं एकच म्हणणं. साहेबाशी वाद घालू नका, पाया पडा, कबूल करा, मोठ्या मनाचा असला तर सोडून देईल. आमच्याकडं भांडण असंच मिटतं. चूक कोणाची का असेना, लहानानं जायचं, नारळ ठेवायचा, चुकलं म्हणायचं, की समोरचा चहा सांगतो. मला ते पटलं. ओट्यावरच बसून एकच खरडा फाडला आणि दुसऱ्यात अर्ज उतरवला, भावाच्या नावानं. 'रागाच्या भरात माझ्याकडून बाजारात सुरा दाखवला गेला व लोक घाबरले, ही माझी चूक आहे. पुन्हा असे होणार नाही. घरी म्हातारी आई व लहान मुलगी आहे. लेकरू समजून पदरात घ्यावे व सोडून द्यावे.' आणि खाली ठरलेली ओळ. वाचून माझेच डोळे भरले. वाटलं, दगडालाही पाझर फुटेल.

जेलातल्या मुलाखतीच्या दिवशी तीन प्रती घेऊन गेले. एक पाठवायची, एकीवर पोच घ्यायची, एक त्याच्याजवळ राहू द्यायची. काचेपलीकडं तो, अलीकडं मी, हातात फोन. दाढी वाढलेली, आवाज बसलेला. म्हटलं, "अर्ज आणला हाये. आत देतील तुले, सही कर."

"तू लिवला ना?"

"मंग कोण लिवणार?"

"मंग वाचू कायले," म्हणाला आणि किती दिवसांनी हसला. सह्या झाल्या. अर्ज जेलातूनच पुढं गेला आणि शिक्का मारलेली पोच माझ्या हातात आली. पिशवीत नीट घडी करून ठेवली.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला काय म्हणावं ते मला कळत नाही. बसवत नव्हतं. खिचडी दोनदा करपली. पोस्टमनची सायकल दिसली की मी लेकरं सोडून दारात. त्याच्या हातात वीजबिलं, बँकेची पाकिटं, आमचं काही नाही. "बाई, आलं तर मीच आणून देईन ना," तो म्हणायचा. मी म्हणायची, "तुम्ही बोलू नका, पिशवी दाखवा!" बिचाऱ्यानं एकदा खरंच दाखवली. दिवाळी आली, गेली. भाऊबीजेला मी पाट मांडला नाही आणि माय दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मुलाखतीला गेले की तो हळूहळू कमी बोलायला लागलेला. मी विचारायची, जेवतो का, स्वेटर पोचला का, अंग दुखतं का. तो हाव, हाव करायचा. मला वाटलं, जेलानं माणूस मऊ केला. एका अर्थी बरंच झालं, असंही वाटलं. एवढी मी शहाणी.

तुरी सोंगायला आल्या तरी उत्तर नाही. शेवटी भावजयीच्या मामांनी नागपूरच्या एका वकिलांचा पत्ता दिला. हायकोर्टात हेबियस कॉर्पस टाका म्हणाले. म्हणजे काय, तर ज्याला कोंडलं आहे त्याला कोणत्या आधारावर कोंडलं, ते सरकारनं कोर्टाला दाखवायचं. आधार पक्का नसला तर सोडायचं. मी आणि भावजय पहाटेची एसटी धरून गेलो.

वकील साठीचे, शांत. गठ्ठा चाळता चाळता ते अर्जापाशी थांबले, चष्मा काढला. "हे कोणी लिहिलं?"

"मी," म्हटलं. जरा ताठच म्हटलं. अक्षराचं कौतुक करतील असं वाटलं मला, काय सांगू!

"ताई, हा कबुलीजबाब आहे. ज्या गोष्टीला धड साक्षीदार नाही, ती तुम्ही त्याच्या सहीनं मान्य करून टाकली."

मी भांडायला लागले. म्हटलं, माफी मागितली म्हणजे काय गुन्हा कबूल झाला होय? आमच्याकडं तर खांब वाकला तरी माफी मागतात. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "उत्तर आलं का याचं?"

"नाही ना. तेच तर."

"पोच आहे?"

मी पिशवीतून पोच काढली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, शिक्क्यावरची तारीख पाहिली, बोटांवर आठवडे मोजले. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर जरा जीव आला. त्यांनी सांगितलं ते असं. बिनाखटल्याचं कोंडलेल्या माणसाला सरकारपुढं एक दार उघडं असतं, अर्जाचं. तो अर्ज सरकारनं ताबडतोब बघायचा असतो. मंजूर करा, नामंजूर करा, पण बघा. नाही बघितला तर कोंडणंच बेकायदा ठरू शकतं.

"म्हणजे ज्या अर्जानं त्याला बुडवलं, त्याच अर्जानं तो निघेल?"

"निघेल असं मी म्हणत नाही. लढता येईल म्हणतो."

"आणि त्यानं सुरा उगारला का नाही, ते कोर्ट कधी बघणार?"

"या याचिकेत ते बघत नाहीत, ताई. माणूस चांगला का वाईट, हा प्रश्नच नाही. नियमानं कोंडला का, एवढाच."

मला ते आवडलं नाही. एवढ्या लांब यायचं, एवढं मोठं कोर्ट, आणि मुद्द्याचं तेवढं विचारायचं नाही! परतीच्या एसटीत मी तेच बडबडत होते. भावजय खिडकीकडं तोंड करून बसलेली. मेहकर जवळ आलं तेव्हा म्हणाली, "बाई, तुमी तरी कुठं इचारलं त्यायले?" मी म्हटलं, "डोकं दुखून राह्यलं, गप बस."

पहिल्या तारखेला सरकारनं मुदत मागितली. दुसऱ्या तारखेला आमचा नंबर यायच्या आत कोर्ट उठलं. दोन्ही वेळा मी दिवसभर त्या बाकावर बसून पायानं फरशी ठोकत होते. शेवटी शेजारच्या बाईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिसऱ्या तारखेला नंबर पुकारला. वर दोन न्यायमूर्ती. बोलणं इंग्रजीत, मला अर्धंमुर्धं समजत होतं. मग सरकारी वकील उठले आणि म्हणाले की या इसमानं स्वतःच सगळं कबूल केलं आहे, आणि त्यांनी माझा अर्ज मराठीतच वाचायला घेतला. 'रागाच्या भरात माझ्याकडून बाजारात सुरा दाखवला गेला...' एकेक शब्द माझा. ओट्यावर बसून ज्यावर मी रडले होते, तो. त्यांच्या तोंडी त्यात रडण्यासारखं काही नव्हतं. नुसता एक माणूस सुरा दाखवत होता. मला उठून ओरडावंसं वाटलं, ते त्यानं नाही लिवलं हो, मी लिवलं! भावजयीनं माझा पदर बाकाखालून घट्ट धरून ठेवला.

त्यांचं वाचून झालं. मग न्यायमूर्तींनी शांतपणे एवढंच विचारलं की या अर्जावर निर्णय कधी झाला. सरकारी वकिलांनी पानं उलटली. मागं बसलेल्या माणसाकडं वळले, तोही पानं उलटायला लागला. शेवटी उत्तर आलं, अर्ज अजून विचाराधीन आहे. इतके महिने कुठल्याशा टेबलावर तो नुसता पडून होता.

जेवणाच्या सुट्टीआधी हुकूम रद्द झाला. त्याला सोडा म्हणाले. त्यानं केलं का नाही, यावर एक अक्षर नाही. भावजय तिथंच खाली बसली आणि हमसाहमशी रडायला लागली. मी मात्र धावत बाहेर गेले आणि मायला फोन लावला.

दोन दिवसांनी, उन्हाचं, तो जेलच्या फाटकातून बाहेर आला. हातात एक कापडी पिशवी. बायकोकडं पाहून डोळे पुसले, मला पाया पडला. रस्त्यात आम्ही रसवंतीवर थांबलो. भावजय पाण्याची बाटली भरायला गेली, तेव्हा त्यानं पिशवीतून एक कागद काढला आणि टेबलावर माझ्यापुढं ठेवला. घड्यांवर फाटायला आलेला. तिसरी प्रत.

"पैल्याच राती वाचला," म्हणाला. "झोप येत नव्हती, म्हटलं ताईचं अक्षर पाहू."

म्हणजे पोस्टमनच्या पिशवीत मी हात घालत होते तेव्हा त्याला माहीत होतं. स्वेटर पोचला का विचारत होते तेव्हाही.

"बोलला काऊन नाहीस?"

"काय बोलू? सही तं माहीच हाये." मग म्हणाला, "ताई, मी कोहळं चिरत व्हतो. सुरा हातातच व्हता. थो माणूस फळीवर लाथ मारून गेला, मी बसल्या जागून बोललो, चिरीन म्हून. उठलो बी नाही. त्या लोकायनं काय सांगतलं त्याचं मले काई नाही, थे परके. पन तू इतक्या येळा आली. जेवला का इचारलं, अंग दुखते का इचारलं. केलं का म्हून एकदा तरी इचारायचं व्हतं ना."

मी कोर्टाला नावं ठेवत होते, मुद्द्याचं विचारत नाही म्हणून. मी तरी कुठं विचारलं? मला उत्तराची भीती होती. उत्तर मला आधीच ठाऊक आहे असं मी धरून चालले होते, आणि ते उत्तर मी माझ्या सुंदर अक्षरात त्याच्या नावावर लिहून मोकळी झाले होते. मी म्हटलं, "चुकलं रे माह्यं." त्यानं मान हलवली. रस संपवला. भावजय आली तसा त्यानं कागद घडी करून परत पिशवीत ठेवला, माझ्याकडं दिला नाही.

घरी तो नीट वागला. हसायचा, पोरीला खांद्यावर घ्यायचा. पण ते कोहळ्याचं वाक्य पुन्हा त्याच्या तोंडून ऐकलं नाही. एकदा पोरगीच म्हणाली, "बाबा, म्हना ना, चिरीन!" तो उठून बाहेर गेला.

जानेफळच्या बाजारातली त्याची जागा या सहा महिन्यांत दुसऱ्यानं धरली होती. ती परत मिळायला तिथल्या ग्रामपंचायतीला अर्ज लागणार होता. मला वाटलं, दुसऱ्या कोणाकडून लिहून घेईल. पण एका सकाळी अंगणवाडीत आला, वजनकाट्याशेजारी उकिडवा बसला, गावातले बाकीचे बसतात तसा. "दोन ओळी लिवून दे," म्हणाला.

या खेपेला मी खवळले नाही. आधी सगळं विचारून घेतलं. किती वर्षं बसतो, कोणत्या झाडाखाली, पावत्या आहेत का. मग लिहिलं, स्वच्छ, सावकाश. कागद त्याच्यापुढं सरकवला आणि पेन दिला. त्यानं पेन घेतला नाही.

"वाचून दाखव."

मी वाचायला लागले. भिंतीशी लेकरं 'एक होती चिमणी' म्हणत होती, त्यांच्यावर आवाज चढवून वाचावं लागत होतं. तो खाली बघत ऐकत होता. दर ओळीला मान हलवायचा. मी शेवटच्या ओळीवर आले आणि तोंडातून ती निघून गेली, मला कळायच्या आत. काही चूक झाली असल्यास क्षमा असावी.

हात कधी लिहून गेला होता, देव जाणे.

त्यानं मान वर केली. राग नव्हता त्याच्या तोंडावर, तो असता तर बरं झालं असतं.

"थे खोड," म्हणाला.

मी खोडलं. एकदा खोडून अक्षरं दिसत होती, म्हणून पुन्हा खोडलं. मग त्यानं कागद माझ्या हातातून घेतला, बोट ठेवत ठेवत स्वतः पहिल्या ओळीपासून वाचला आणि सही केली.